पारखी जमशेटजी

आलापल्लीच्या लाकूड आगारात लिलावाचा दिवस उजाडला, की दूरदूरचे व्यापारी सकाळीच येऊन दाखल होतात. आगाराच्या विस्तीर्ण आवारात सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्यांमागून थप्प्या रचलेल्या असतात. वरवर पाहणाऱ्याला सारे ओंडके सारखेच वाटतात. जाणता व्यापारी मात्र एकेका ओंडक्यापाशी थांबतो. तो त्याची लांबी पाहतो, घेर मोजतो, खोड सरळ वाढले आहे की पिळदार आहे हे न्याहाळतो. कापलेल्या टोकाशी वाकून आत पोकळी आहे काय, भेग किती खोल गेली आहे, गाठी किती आहेत, याचा अदमास घेतो आणि मगच मनाशी बोलीचा आकडा ठरवतो. ज्याला हे ज्ञान नसते तो नुसत्या जाडीवर भुलतो आणि घरी जाऊन करवत चालवल्यावर पस्तावतो.

सोनार सोन्याची परीक्षा करताना ते एका काळ्या दगडावर घासतो. दगडावर उमटलेल्या रेघेवरून त्याला सोन्याचा कस कळतो. त्या दगडाला कसोटी म्हणतात. पुढे हा शब्द सोनाराच्या दुकानातून बाहेर पडला आणि साऱ्या व्यवहारांत रूढ झाला. मनुष्य जन्मभर काही ना काही निवडीत असतो. बियाणे, बैल, घराची जागा, मित्र, धंदा, या सर्वांची निवड त्याला करावी लागते. त्याने कोणती कसोटी हाती घेतली आहे यावर त्या निवडीचे बरेवाईट फळ अवलंबून असते.

आपल्या देशात अशी पारख करण्यात ज्यांचा हातखंडा होता, अशा पुरुषांत जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या आयुष्यातील एक फार मोठी निवड आपल्या या चांदा भागाशी निगडित आहे. ज्या वेळी जमशेटजींची दृष्टी इकडे वळली, त्या वेळी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. आलापल्ली, अहेरी, सिरोंचा हा सारा मुलूख तेव्हाच्या विशाल चांदा जिल्ह्यातच मोडत असे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी या गावी झाला. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पारशी धर्माचे पौरोहित्य चालत आले होते. त्यांचे वडील नसरवानजी यांनी मात्र ती परंपरा सोडून मुंबईस व्यापाराचा मार्ग धरला. वयाच्या चौदाव्या वर्षी जमशेटजी वडिलांकडे मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकू लागले. वाचनाची गोडी त्यांना तेथेच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. १८५८ साली शिक्षण पुरे करून ते वडिलांच्या पेढीत काम पाहू लागले. व्यापारानिमित्त ते हाँगकाँगला गेले आणि पुढे इंग्लंडलाही गेले.

तरुण वयातच त्यांना एक कठोर धडा मिळाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद पडला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नवनव्या कंपन्या आणि पेढ्या निघाल्या; त्यांचे कागद हातोहात खपू लागले. कंपनी काय करते, तिच्याजवळ भांडवल किती, तिचे चालक कोण, हे कोणी विचारीनासे झाले. काल भाव चढला म्हणून उद्याही चढेल, एवढीच कसोटी लोकांपाशी उरली. १८६५ साली युद्ध थांबले आणि भाव कोसळले. रातोरात श्रीमंत झालेली माणसे रातोरात निर्धन झाली. टाटांच्या पेढीलाही जबर ठोकर बसली.

जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. त्यांच्याजवळच्या हुंड्यांना कवडीचीही किंमत उरली नव्हती. अशा वेळी तोंड चुकवणे सोपे असते; परंतु त्यांनी सावकारांसमोर जाऊन सारी वस्तुस्थिती जशीच्या तशी मांडली. त्यांच्या सचोटीचा सावकारांवर एवढा परिणाम झाला, की पेढीची देणीघेणी मिटवण्याचे काम त्यांनी या तरुणावरच सोपवले. पैसा बुडाला असतानाही पत शिल्लक राहू शकते, हा अनुभव जमशेटजींनी गाठीस बांधला.

१८६८ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईतील चिंचपोकळी येथील एक दिवाळे निघालेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापसाची गिरणी बनवली आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकून टाकली. मग ते इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात गेले. तेथे त्यांनी सूत कातण्याचा आणि कापड विणण्याचा धंदा बारकाईने पाहिला. आपल्या देशाचा कापूस समुद्रापार जावा आणि त्याचेच कापड होऊन महाग दराने परत यावे, ही गोष्ट त्यांच्या मनाला खुपत होती. आपल्याच देशात एक उत्तम गिरणी उभारावयाची, असा निश्चय करून ते परतले.

आता प्रश्न आला तो जागेचा. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. जमशेटजींनी मात्र रूढीला कौल न लावता स्वतःची कसोटी ठरवली. गिरणीला कच्चा माल जवळ मिळावा, माल नेण्याआणण्यास आगगाडी असावी आणि यंत्रांसाठी पाणी व कोळसा सहज मिळावा, अशा अटी त्यांनी समोर ठेवल्या. त्या घेऊन त्यांनी अनेक ठिकाणे पाहिली आणि अखेर नागपूरची निवड केली. नागपूरच्या सभोवार वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याचा उत्तम कापूस पिकत होता; १८६७ सालीच आगगाडी नागपुरास पोहोचली होती; चांदा जिल्ह्यातील वरोड्याची कोळशाची खाणही फार दूर नव्हती.

गिरणीसाठी मिळालेली जागा सखल आणि दलदलीची होती. ती भराव घालून वर आणावी लागली. भांडवल जमवताना जमशेटजी एका स्थानिक सावकाराकडे गेले. परंतु जमिनीत माती लोटणाऱ्या या माणसाचे सोने मातीमोल होणार, अशी त्या सावकाराची खात्री होती, म्हणून त्याने पैसे देण्यास नकार दिला. पुढे गिरणी भरभराटीस आली, तेव्हा त्याच सावकाराने आपली चूक मोकळ्या मनाने मान्य केली. जमशेटजींनी जमिनीत सोने पुरले नव्हते, तर माती घालून सोने वर काढले होते, हे त्याला उमगले. सावकाराने केवळ जमिनीकडे पाहिले होते. जमशेटजींनी जमिनीसह कापूस, कोळसा आणि आगगाडी यांचाही हिशेब केला होता.

१ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी इंग्लंडच्या राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल असे ठेवण्यात आले.

पारखी माणसाची पारख कधीच चुकत नाही, असे समजण्याचे कारण नाही. आरंभी गिरणीसाठी स्वस्त यंत्रे घेतली गेली. सूत हलके निघू लागले, मालाला उठाव मिळेना, गिरणीच्या भागांची किंमत घसरली. स्वस्त ते महाग पडते, हे ध्यानी येताच जमशेटजींनी हट्ट धरला नाही. जुनी यंत्रे काढून टाकून त्यांनी नव्या धर्तीची यंत्रे आणवली. सूत कातण्याच्या नव्या तऱ्हेच्या चात्या तेव्हा नुकत्याच प्रचारात येत होत्या. लँकेशायरमधील नाणावलेले कारखानदार त्यांच्याकडे साशंकतेने पाहत होते. जमशेटजींनी त्या चात्यांची दोन यंत्रे नागपुरास आणून प्रत्यक्ष चालवून पाहिली. किती वेळात किती सूत निघते आणि त्याचा दर्जा कसा असतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पारखल्यावर त्यांनी त्या यंत्रांचा स्वीकार केला.

माणसे निवडतानाही त्यांची दृष्टी वेगळीच असे. एम्प्रेस मिलच्या व्यवस्थापकपदी त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता या गृहस्थांना नेमले. बेझनजी पूर्वी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात अधिकारी होते. सूत आणि कापड यांच्या धंद्याची त्यांना मुळीच माहिती नव्हती. परंतु हाताखालच्या शेकडो माणसांकडून काम करवून घेण्याची हातोटी, शिस्त आणि सचोटी हे गुण जमशेटजींनी त्यांच्यात हेरले होते. यंत्राची माहिती वर्षा-दोन वर्षांत शिकता येते, स्वभावाचा पाया मात्र आधीच पक्का असावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. बेझनजींनी पुढे अनेक वर्षे गिरणीचा कारभार उत्तम चालवला आणि ती निवड सार्थ ठरवली.

कामगारांच्या बाबतीत तर जमशेटजींनी त्या काळची सारी रीतच बदलली. नागपूरच्या कामगारांना गिरणीच्या भोंग्याची सवय नव्हती. रोज पुष्कळ माणसे गैरहजर राहत. अन्य कोणी असता तर त्याने दंड बसवले असते. जमशेटजींनी त्याऐवजी बक्षिसे ठेवली, आत हवा खेळती राहावी अशी व्यवस्था केली, आग विझवण्याची साधने बसवली आणि १८८६ च्या सुमारास कामगारांच्या म्हातारपणासाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला. कोणत्याही कायद्याने त्यांना तसे करण्यास भाग पाडले नव्हते. गिरणीचा कस केवळ नफ्यावरून लावावयाचा नाही, तेथे राबणाऱ्या माणसाच्या स्थितीवरूनही लावावयाचा, अशी त्यांची धारणा होती.

१८८६ साली त्यांनी मुंबईजवळ कुर्ला येथे आणखी एक गिरणी विकत घेतली. ती उभारण्यास पूर्वी फार मोठा खर्च झालेला होता. परंतु ती डबघाईस आल्यामुळे अत्यंत कमी किंमतीत मिळत होती. येथे जमशेटजी पुन्हा किंमतीला भुलले. गिरणी ताब्यात आल्यावर कळले, की यंत्रे जुनाट व झिजलेली आहेत. पैसा ओतूनही तोटा थांबेना. पेढीची पत धोक्यात आली. तेव्हा त्यांनी स्वतःचे एम्प्रेस मिलचे काही भाग विकले, नागपूरची निष्णात माणसे कुर्ल्यास आणली आणि अहोरात्र झटून ती गिरणी सावरली. तिला त्यांनी स्वदेशी मिल असे नाव दिले. किंमत आणि मोल यांत अंतर असते, हा धडा त्यांना अशा रीतीने दुसऱ्यांदा शिकावा लागला.

आता ज्या निवडीसाठी हा पाठ लिहिला आहे, तिच्याकडे वळू.

१८८२ साली जमशेटजींच्या हाती एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल पडला. त्याचे नाव रिटर फॉन श्वार्ट्झ. चांदा जिल्ह्यातील लोहारा या गावाजवळ उत्कृष्ट प्रतीच्या लोहखनिजाचे साठे आहेत आणि तेथून वरोड्याची कोळशाची खाण जवळ आहे, असा त्या अहवालाचा आशय होता. या भागातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहान भट्ट्यांत लोणारी कोळसा पेटवून लोखंड गाळीत आलेले होते. तेव्हा येथील दगडांत लोखंड आहे, ही गोष्ट स्थानिकांना नवी नव्हती. जमशेटजींच्या मनात मात्र त्या अहवालाने एक नवे स्वप्न जागे केले. लोखंड आणि पोलाद स्वतः निर्माण केल्याखेरीज कोणताही देश स्वावलंबी होऊ शकत नाही, हे त्यांनी जाणले होते. आपल्या देशात आगगाडीचे रूळ, पुलांच्या तुळया आणि यंत्रांचे सुटे भाग, सारे काही विलायतेहून येत होते. चांदा जिल्ह्यात पोलादाचा कारखाना निघाला तर हे चित्र पालटेल, असे त्यांना वाटले.

स्वप्न मोठे होते आणि खनिजही उत्तम होते. परंतु केवळ खनिजावर पोलाद होत नाही. लोहखनिजात लोखंडाबरोबर प्राणवायू मिसळलेला असतो. तो काढून टाकण्यासाठी भट्टीत दगडी कोळशापासून केलेला कोक घालावा लागतो. भट्टीत खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थरावर थर रचतात. त्या ओझ्याखाली चुरा न होता टिकून राहील असा कणखर कोक लागतो. प्रत्येक दगडी कोळशापासून असा कोक तयार होत नाही. बाष्पयंत्राच्या भट्टीत उत्तम जळणारा कोळसा पोलादाच्या भट्टीत कुचकामाचा ठरू शकतो.

जमशेटजींनी वरोड्याच्या कोळशाचे नमुने तपासणीसाठी जर्मनीत पाठवले. उत्तर प्रतिकूल आले. त्या कोळशापासून हवा तसा कोक होत नव्हता. शिवाय खाणींच्या परवान्यांविषयीच्या सरकारी अटीही इतक्या जाचक होत्या, की त्या पाळून एवढा मोठा उद्योग उभारणे अशक्यप्राय होते.

येथे जमशेटजींच्या पारखीची खरी परीक्षा झाली. आपण एखाद्या गोष्टीवर मन जडवले, की तिचे दोष आपल्याला दिसेनासे होतात. दिसले तरी त्यांवर पांघरूण घालण्याची बुद्धी होते. जमशेटजींचे या कल्पनेवर मन जडले होते. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून भांडवल देणारे लोकही मिळाले असते. परंतु आपणच लावलेल्या कसोटीचा कौल आपल्याच विरुद्ध गेला, तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने शिरोधार्य मानला. चांदा जिल्ह्यातील कारखान्याचा बेत त्यांनी बाजूस ठेवला. पोलादाचा ध्यास मात्र सोडला नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतील खनिजांची माहिती ते गोळा करीत राहिले. अशी सतरा वर्षे गेली.

१८९९ साली सरकारने खाणींच्या नियमांत सवलती दिल्या. जमशेटजींचे वय तेव्हा साठ वर्षांचे होते आणि प्रकृती पूर्वीसारखी राहिली नव्हती. तरीही ते नव्या उमेदीने कामास लागले. १९०२ साली त्यांनी अमेरिकेचा लांबचा प्रवास केला, तेथील पोलादाचे कारखाने पाहिले आणि नामांकित अभियंत्यांच्या भेटी घेतल्या. कारखाना कोठे व कसा उभारावा हे ठरवण्यासाठी आधी शास्त्रीय पाहणी करावी लागेल आणि तिलाच फार खर्च येईल, असे त्यांना तेथे सांगण्यात आले. कुर्ल्याच्या गिरणीच्या अनुभवाने शहाणे झालेल्या जमशेटजींना हा खर्च जड वाटला नाही. न्यूयॉर्क येथे पेरिन नावाच्या तज्ज्ञाची गाठ घेऊन त्यांनी पाहणीचे काम त्याच्याकडे सोपवले.

पेरिनचे सहकारी, भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड, हे पुढे हिंदुस्थानात आले. जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि आप्त शापुरजी सकलातवाला यांच्यासह ते चांदा जिल्ह्याच्या रानात उतरले. उन्हाळ्याचे दिवस, बैलगाडीचा प्रवास आणि वाघांचा वावर असलेले अरण्य! पाण्याची एवढी टंचाई होती, की एकदा सोड्याच्या बाटल्या फोडून चहा करावा लागला, असे सांगतात. लोहाऱ्याचे खनिज पाहून वेल्ड यांनी त्याच्या प्रतीची प्रशंसा केली. पण मोजमाप केल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की एवढा साठा मोठ्या कारखान्याला पुरणारा नाही. कोळशाची अडचण तर होतीच. दुसऱ्यांदा लावलेल्या कसोटीचा कौलही पहिल्यासारखाच आला.

कारखान्याच्या जागेचा शोध चालू असतानाच जमशेटजी औषधोपचारासाठी युरोपात गेले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम या गावी त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षे जपलेले स्वप्न त्यांच्या डोळ्यांदेखत साकार झाले नाही.

वडिलांनी हेरलेली चांद्याची जागा हातची गेली होती. दोराबजी हताश होऊन आपला निर्णय कळवण्यासाठी नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले. अधिकाऱ्यांची भेट होण्यास अवकाश होता, म्हणून ते सहज समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे भिंतीवर मध्यप्रांताचा भूगर्भविषयक नकाशा टांगलेला होता. त्यातील दुर्ग जिल्ह्याचा काही भाग लोहखनिजाच्या गडद रंगाने रंगवलेला त्यांना दिसला. चौकशी करता प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने पूर्वी केलेल्या पाहणीवरून ती नोंद झाल्याचे समजले. दुर्गच्या डोंगरांत खनिज विपुल होते, परंतु योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी ही त्या ठिकाणाची उणीव होती. तेव्हा तेही ठिकाण वगळावे लागले. पुढे १९५९ पासून भिलाई येथे जो सरकारी पोलाद कारखाना चालू झाला, तो याच दुर्ग भागातील राजहऱ्याच्या खनिजावर उभा राहिला.

अखेर त्याच प्रमथनाथ बोसांनी मयूरभंज संस्थानातील गुरुमहिसानी डोंगराकडे टाटांचे लक्ष वेधले. तेथे खनिज मुबलक होते, झरियाचा कोळसा आवाक्यात होता आणि सुवर्णरेखा व खरकाई या दोन नद्यांच्या संगमाजवळ साकची नावाचे एक खेडे होते. पाणी, खनिज, कोळसा आणि आगगाडी, सर्व अटी तेथे जुळून आल्या. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनीची नोंदणी झाली. भांडवल परदेशातून आणण्याऐवजी ते देशबांधवांकडे मागण्यात आले, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत सुमारे ८,००० भारतीयांनी ते पुरे केले. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी तेथील भट्टीतून पोलादाचा पहिला ओतीव ठोकळा बाहेर पडला. १९१९ साली साकचीचे नाव जमशेदपूर असे ठेवण्यात आले.

या नगराविषयी जमशेटजींनी मृत्यूपूर्वीच आपल्या मुलाला पत्राने सूचना दिल्या होत्या. रस्ते रुंद असावेत, त्यांच्या कडेने चटकन वाढणारी सावलीची झाडे लावावीत, खेळांसाठी मैदाने राखावीत आणि हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती यांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा सोडावी, असे त्यांनी सुचवले होते. कारखान्याची जागाही निश्चित झालेली नसताना त्यांनी कामगाराच्या घरावरील सावलीचा विचार केला होता.

विद्येच्या क्षेत्रातही त्यांची कसोटी अशीच उदार होत गेली. हुशार तरुणांना उच्च शिक्षणासाठी विलायतेस धाडण्याकरिता त्यांनी १८९२ साली एक निधी स्थापन केला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. परंतु १८९४ साली त्यांनी तो सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुला केला. विद्यार्थ्याचे कूळ न पाहता त्याची गुणवत्ता पाहावयाची, अशी नवी कसोटी त्यांनी स्वीकारली. १८९८ साली त्यांनी विज्ञानाच्या संशोधन संस्थेसाठी आपल्या मालमत्तेचा फार मोठा वाटा देऊ केला. ती संस्था त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ साली बंगळूर येथे स्थापन झाली आणि आजही देशाला शास्त्रज्ञ पुरवीत आहे.

काळाच्या ओघात पुष्कळ गोष्टी बदलल्या. वरोड्याची ती जुनी खाण बंद पडली. नागपूरची एम्प्रेस मिलही आता उरली नाही. आलापल्लीच्या पूर्वेकडील एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून आज लोहखनिज काढले जाते आणि ते वाहून नेणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्यांवरून जाताना तुम्ही पाहता. त्याच डोंगरावर माडिया बांधवांचे ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि तेथे त्यांची यात्रा भरते. खनिज मोजणारा त्या डोंगराकडे एका दृष्टीने पाहतो आणि देवाला जाणारा दुसऱ्या दृष्टीने पाहतो. डोंगर एकच असला तरी त्याला लावलेल्या कसोट्या भिन्न आहेत. मोठे झाल्यावर अशा प्रश्नांचा निवाडा करण्याची पाळी तुमच्यावरही येईल. त्या वेळी केवळ आपल्याला सोयीची कसोटी घेऊन भागणार नाही. दुसऱ्याच्या हातातील कसोटीही समजून घ्यावी लागेल.

आलापल्लीत याचे आणखी एक उदाहरण आहे. आगारातील सागाची किंमत त्याच्या घेरावरून आणि सरळपणावरून ठरते. परंतु गावापासून थोड्या अंतरावर वनवैभव नावाचा एक राखीव वनखंड आहे. तेथे प्रचंड घेराचे, गगनाला भिडलेले प्राचीन वृक्ष उभे आहेत. आगाराच्या कसोटीने पाहिले, तर त्यांना सर्वांत मोठी बोली येईल. तरीही त्यांच्यावर कुऱ्हाड चालवली जात नाही. हे अरण्य मूळचे कसे होते, हे पुढच्या पिढ्यांना पाहता यावे, म्हणून ते वृक्ष राखले आहेत. तेथे घेर मोजतात तो विकण्यासाठी नव्हे.

जमशेटजी लोहाऱ्याच्या खनिजावर मोहित झाले होते, परंतु कोळशाने त्यांना नकार दिला तेव्हा त्यांनी तो मानला. त्या नकाराने चांदा जिल्ह्यातील कारखाना झाला नाही हे खरे. पण घाईने उभारलेला कारखाना कोसळला असता, तर या देशात पोलाद होऊच शकत नाही, असे पुढील कित्येक वर्षे लोक म्हणत राहिले असते. साकचीच्या भट्टीतून १९१२ साली जो तांबडालाल ठोकळा बाहेर आला, त्याच्यामागे वरोड्याच्या कोळशाची ती नापसंतीही उभी होती.